मांजर अंगावर येतं तेव्हा: पहिल्यांदाच मांजर पाळणाऱ्यांसाठी

घरातलं मांजर पहिल्यांदा कडकडून चावलं की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, लाडावलंय, दोन रट्टे द्या म्हणजे सुधारेल. दुसरा म्हणतो, पोत्यात घाला आणि माहुलीच्या पुलापलीकडे सोडून या. रट्टे खाऊन मांजर एवढंच शिकतं की माणसाचा हात धोक्याचा असतो. पुढच्या वेळी ते गुरगुरायचीही तसदी घेत नाही, थेट चावतं. सोडून येण्याचं म्हणाल, तर पाळीव जनावर असं उपाशी वाऱ्यावर सोडणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवा. सोडलेला बोका चार-आठ दिवसांनी दारात हजर, ही गोष्ट साताऱ्यातल्या कुठल्याही पेठेत ऐकायला मिळेल. आणि परत आलेला बोका आधीपेक्षा जास्त बुजलेला असतो.

"काही कारण नसताना चावलं" असं सांगणाऱ्या घरात जाऊन अर्धा तास नुसतं बसलं, तर कारण बहुतेक वेळा समोर दिसतं. कधी ते खिडकीबाहेर असतं, कधी मांजराच्या दाढेत, कधी पोरांच्या खेळात. ते शोधायचा एक क्रम आहे. तो उलटसुलट केला की महिने वाया जातात, म्हणून पायऱ्या करून लिहितोय.

पायरी १. आधी स्वतःची जखम

मांजराचे सुळे बारीक आणि लांब असतात. वरून दोन लाल ठिपके दिसतात, पण जंतू खोल आत गेलेले असतात आणि वरची कातडी लगेच मिटते. पाश्चुरेला नावाचे जिवाणू निरोगी मांजराच्याही तोंडात असतात. सकाळी चावलं आणि संध्याकाळपर्यंत हात लाल होऊन ठणकायला लागला, असं सर्रास होतं. बोटाच्या सांध्यावर किंवा मनगटाजवळ चावलं असेल, घरातल्या माणसाला मधुमेह असेल, तर "बघू उद्या" म्हणू नका.

चावल्याबरोबर नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबण लावून १५ मिनिटं जखम धुवा. घड्याळ लावून धुवा, कारण अंदाजाने धुणारा दोन मिनिटांत हात पुसून मोकळा होतो. मग पोव्हिडोन आयोडीन लावा. हळद, चुना, तिखट, कॉफी यातलं काही जखमेत भरायचं नाही, आजींनी कितीही आग्रह केला तरी. घट्ट पट्टी बांधू नका.

त्याच दिवशी सिव्हिलमध्ये किंवा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. रेबीज कुत्र्यापुरता असतो हा समज अजून घट्ट आहे, पण मांजरापासूनही तो होतो, आणि एकदा लक्षणं दिसली की त्यावर इलाज नाही. सरकारी दवाखान्यात लस मोफत मिळते. कातडीत द्यायची लस पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी देतात. पहिला दिवस शून्य धरतात, तारखा लावताना तेवढं लक्षात ठेवा. रक्त निघालं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही, म्हणजे रेबीजविरोधी तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, द्यावं लागतं. धनुर्वाताच्या इंजेक्शनचं डॉक्टरांना आठवणीने विचारा. चावलेलं मांजर १० दिवस नजरेखाली ठेवायचं, पण तोवर लस थांबवून ठेवायची नाही. मांजर ठणठणीत राहिलं तर पुढचे डोस लागतील की नाही हे डॉक्टर सांगतील.

एक गोष्ट चावा चालू असतानाची. हात दातांत असताना हिसका मारून मागे ओढला की सुळे मांस फाडत येतात, आणि पळणारी वस्तू आणखी घट्ट धरायची हे मांजराच्या रक्तातच आहे. हात सैल सोडा, जमलं तर किंचित त्याच्या तोंडाच्याच दिशेने ढकला. पकड बहुधा सुटते. तेवढ्या वेळात हे सुचणं अवघड आहे हे मान्य, पण माहीत असलं तर दुसऱ्या वेळी सुचतं.

पायरी २. मग मांजराची तपासणी

वागणं सुधारायच्या आधी दुखणं शोधा. ही पायरी लोक हमखास गाळतात, कारण मांजर खातंय-पितंय म्हणजे बरं आहे असं वाटतं. मांजर दुखणं लपवतं. दाढ किडलेली असते, तरी ते जेवत असतं. फक्त गालाला हात लावला की पंजा मारतं. आठ-दहा वर्षांच्या मांजराला सांधेदुखी असते आणि उचलून घेतलं की ते चावतं. मारामारी करून आलेल्या बोक्याच्या मानेवर किंवा शेपटीच्या मुळाशी कातडीखाली पू झालेला असतो, वरून केसांत काही दिसत नाही. कानातल्या किड्यांनी, पिसवांनी हैराण झालेलं जनावर चिडकं होतंच. म्हाताऱ्या मांजरात थायरॉइड वाढल्यानेही अस्वस्थपणा आणि चिडचिड वाढते. खाणं भरपूर आणि तरी वजन उतरतंय असं दिसलं तर रक्त तपासून घ्या.

बोका लघवीला बसतोय, कण्हतोय, पण थेंबच येतोय किंवा काहीच येत नाही, आणि हात लावला की चवताळतो, हे दिसलं तर लेख इथेच ठेवा आणि दवाखाना गाठा. मूत्रमार्ग तुंबला असेल तर एक-दोन दिवसांत जीव जातो.

साताऱ्यात खासगी पशुवैद्य आहेत, पण सगळ्यांचाच हात मांजरांवर बसलेला असतो असं नाही. जिल्ह्यात गाई-म्हशींचं काम मोठं. आधी फोन करून "मांजरं बघता का" हे सरळ विचारावं, कुणाला राग येत नाही. अवघड केस असेल तर शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आपल्याच जिल्ह्यात, पुण्याच्या हायवेवर आहे. नेताना झाकणाची बास्केट किंवा कॅरिअर घ्या आणि वर टॉवेल टाका. अंधार असला की मांजर निम्मं शांत होतं. स्कूटरवर पिशवीत कोंबून नेलेलं मांजर दवाखान्यात पोचेपर्यंत कुणाचंच ऐकण्याच्या अवस्थेत नसतं.

घरातली माणसांची औषधं देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते, कारण ते औषध पचवणारी यंत्रणा त्याच्या यकृतात नीट नसते. कुत्र्यांच्या गोचिडांसाठी मिळणारी परमेथ्रिनची औषधंही मांजराला विषारी आहेत.

लस आणि शस्त्रक्रिया याच फेरीत ठरवून टाका. रेबीजची लस तीन महिन्यांच्या वयाला देतात, पुढे डॉक्टर सांगतील तशी दरवर्षी. नसबंदी पाच-सहा महिन्यांच्या सुमारास करून घ्या. मी तर म्हणेन, बोका पाळायचा आणि नसबंदी करायची नाही असं असेल तर पाळूच नये. बोक्यांच्या आपसातल्या मारामाऱ्या, रात्रभर भटकणं, भिंतीवर फवारे मारणं हे बहुतेक बोक्यांत नसबंदीने पुष्कळ कमी होतं. दुसऱ्या दिवशी फरक दिसत नाही. रक्तातली संप्रेरकं उतरायला काही आठवडे जातात. भाटी, म्हणजे मादी, वरचेवर माजावर येत असेल तर तीही चिडकी असते, अंगचटीला येते आणि लगेच फटका मारते. पण खेळताना चावणारं किंवा भीतीने चावणारं मांजर नुसत्या नसबंदीने सुधारेल ही आशा ठेवू नका. त्याचे उपाय वेगळे आहेत, ते पुढे येतील.

पायरी ३. वही घाला

दुखणं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं की एक वही घ्या, शंभर पानी पुरे. प्रत्येक हल्ल्याची नोंद करा: किती वाजता, घरात कुठे, कुणावर, त्याआधी पंधरा-वीस मिनिटं काय चाललं होतं, मांजराचे कान-शेपटी कशी होती, नंतर ते कुठे गेलं. "चावलं, फार चिडलं होतं" ही नोंद कुचकामी. "सकाळी साडेसहा, स्वयंपाकघराच्या दारात, वहिनी दूध आणायला निघाल्या, साडीच्या निऱ्यांवर झडप, नंतर पळून सोफ्याखाली" ही नोंद कामाची, कारण ती वाचताच कळतं की हा राग नव्हता. ही शिकार होती.

दोन आठवड्यांत वहीत नमुना दिसायला लागतो. दिसला नाही तर नोंदी अर्धवट आहेत असं समजा.

पायरी ४. शरीर वाचायला शिका

मांजर बोलत नाही हे खोटं आहे, ते सतत सांगत असतं. शेपटीचं टोक हलायला लागणं ही पहिली सूचना. मग पूर्ण शेपटी दोन्ही बाजूंना आपटते. कुत्र्याने शेपटी हलवली की तो खूश. मांजराचं उलटं, आणि कुत्रा पाळलेल्या घरात हीच गफलत होते. पाठीची कातडी लाटेसारखी थरथरते. कान आधी बाजूला वळतात, नंतर मागे चपटे होतात. बाहुल्या मोठ्या होतात. मघापासून चाललेली घुरघुर थांबते. अंग ताठ होतं.

एक प्रसंग जवळून पाहिलेला सांगतो. शाहूपुरीतल्या एका घरी दुपारचा चहा चालला होता. आजींच्या मांडीवर चिंगी नावाची तिरंगी मांजरी. आजी बोलता बोलता तिच्या डोक्यावरून, मग पाठीवरून हात फिरवत होत्या. चिंगी डोळे मिटून घुरघुरत होती. थोड्या वेळाने हात शेपटीच्या मुळापर्यंत जायला लागला. शेपटीचं टोक उचलून पडलं. आजी शेजारच्या लग्नाबद्दल सांगत होत्या. पुन्हा टोक हललं, पाठीवर एक शिरशिरी गेली, घुरघुर बंद. चिंगीने मान वळवून हाताकडे पाहिलं. आजींचा हात तसाच फिरत राहिला. आणि मग चिंगीने मनगट दोन्ही पंजांत धरून चावा घेतला आणि उडी मारून कपाटाखाली गेली. "बघा, हिला कसली माया नाही," आजी म्हणाल्या. चिंगीने चार वेळा नको म्हणून सांगितलं होतं.

याला उपाय साधा आहे. दोन-तीन वेळा हात फिरवायचा आणि थांबायचं. मांजराने डोकं पुढे करून हात मागितला तर पुन्हा दोन-तीन वेळा. हनुवटीखाली, गालावर, कानांच्या मध्ये बहुतेक मांजरांना आवडतं. पोट आणि शेपटीचं मूळ बहुतेकांना नाही. मांजर पाठीवर लोळून पोट दाखवतं तेव्हा ते तुमच्यावर विश्वास दाखवतंय, पोटाला हात लावायचं आमंत्रण देत नाहीये. मांडीवरून त्याला हाताने ढकलू नका, उठून उभे राहा; ते आपलं आपण उतरतं.

पायरी ५. कोणता राग आहे ते ठरवा

सगळ्यात जास्त तक्रारी येतात त्या खेळातल्या चावण्याच्या. मांजर वर्षाच्या आतलं, घरात एकटं, लहानपणी आईपासून लवकर तुटलेलं. पिल्लू दोन ते सात आठवड्यांच्या वयात माणसांना, आवाजांना सरावतं, आणि किती जोरात चावलं की भावंडं खेळ सोडून निघून जातात हे त्याच सुमारास भावंडांत शिकतं. रस्त्याकडेला सापडलेलं महिन्याचं पिल्लू एकटंच वाढवलं की त्याला हे शिकवणारं कुणी नसतं. त्यात घरातले लोक बोटं नाचवून खेळवतात. महिन्याच्या पिल्लाचे दात गुदगुल्या करतात, सगळे हसतात. सहा महिन्यांनी तोच खेळ रक्त काढतो.

हातापायांनी खेळणं आजपासून बंद, आणि घरातल्या सगळ्यांचं बंद. एक काका जरी गुपचूप बोटं नाचवत राहिले तर बाकीच्यांची मेहनत पाण्यात. काठीला दोरी, दोरीला कापडाची चिंधी किंवा पीस बांधा, म्हणजे तुमचा हात आणि दात यांत अंतर राहील. दिवसातून दोन-तीन वेळा दहा-पंधरा मिनिटं खेळवा. चिंधी उंदरासारखी हलली पाहिजे: दबकत, कोपऱ्याआड, मग एकदम पळत. तोंडापुढे नाचवली तर मांजर कंटाळतं. शेवटी चिंधी त्याला पकडू द्या आणि लगेच खायला द्या. शिकार, जेवण, चाटणं, झोप हा त्याचा क्रम आहे. रात्री तुम्ही झोपायच्या आधी हा क्रम पुरा केला तर पहाटे पाचला पायाच्या अंगठ्यावर होणारे हल्ले बरेच कमी होतात. लेझरचा ठिपका मला पसंत नाही. पकडायला काही मिळत नाही आणि मांजर उलट पेटतं. वापरलाच तर शेवटी खऱ्या वस्तूवर थांबवा. खेळ झाला की दोरी कपाटात ठेवा. गिळलेली दोरी आतडं कापते.

निऱ्या, परकराची कड, पैंजणं यांवर झडप घालणारं मांजर असेल तर त्याची दबा धरायची जागा वहीतून शोधा. तिथून जाताना आधीच एक कागदाचा बोळा दुसऱ्या दिशेला फेका. झडप पडलीच तर ओरडू नका, पळू नका, जागेवर थिजून उभे राहा. हलत नाही त्या वस्तूत मांजराला गंमत नसते. शक्य असेल तर त्याच वयाचं दुसरं पिल्लू आणा. दोन पिल्लं एकमेकांना जे शिकवतात ते आपल्याला महिनोन् महिने जमत नाही.

भीतीचा राग वेगळा. मांजर अंग चोरून बसलेलं, कान चपटे, फिसकारतंय, केस पिंजारलेले. याला वाट हवी असते. आपण मात्र नेमके कोपऱ्यात वाकून "ये ये मनी" करत हात पुढे करतो, म्हणजे तिची शेवटची वाट बंद करतो. मागे सरा, नजर दुसरीकडे करा, डोळे हळू मिटा-उघडा, खोलीचं दार उघडं ठेवा. घरात उंचावर एक जागा आणि खाली एक खोका कायमचा तिच्या नावावर करून द्या. तिथे असताना तिला कुणी काढायचं नाही, पाहुण्यांच्या पोरांनी तर अजिबात नाही. गणपतीत हे आधी ठरवून ठेवा. आरतीच्या झांजा, घरात वीस माणसं आणि बाहेर मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंती, एवढ्यात मांजर हातात धरून "बाप्पाला नमस्कार कर" करायला गेलात तर ओरबाडे ठरलेले. त्या दिवसांत आणि दिवाळीच्या फटाक्यांत मागची खोली, बंद खिडक्या, खोका, पाणी, वाळूचा ट्रे. बाहेर यायचं की नाही ते तिचं ती बघेल.

व्यालेली भाटी हल्ला करते तो भीतीचाच एक प्रकार. माळ्यावर, कपड्यांच्या कपाटात व्याली असेल तर पहिले काही आठवडे लांबून खायला-प्यायला ठेवायचं. मांजर पिल्लांना सात घरं फिरवतं म्हणतात. बहुतेक वेळा पहिल्या घरात लोकांनी फार डोकावलेलं असतं.

बाहेरचा बोका आणि घरातला चावा

आता सगळ्यात फसवा प्रकार. याला वेळ देतोय कारण "चांगलं मांजर अचानक पिसाळलं" अशा किश्शांत बऱ्याचदा हेच असतं.

जुन्या पेठांमध्ये घराला घर लागून, पत्र्याला पत्रा. संध्याकाळी तुमचं मांजर खिडकीच्या गजांत बसलेलं असतं. समोरच्या पत्र्यावर गल्लीतला दांडगा बोका येतो, बसतो, रोखून बघतो. आतल्या मांजराचं अंग ताठ होतं, घशातून खर्जातला आवाज निघतो, पण जाळी आहे, बाहेर जाता येत नाही. त्याच वेळी तुम्ही मागून येऊन प्रेमाने पाठीवर हात ठेवता. मांजर वळून थेट हातावर तुटून पडतं. किंवा शेजारी बसलेल्या आपल्याच बहिणीवर. तोवर बोका पत्र्यावरून निघून गेलेला असतो, तुम्हाला काहीच दिसत नाही, आणि तुम्ही म्हणता कारण नव्हतं.

अशा वेळी समजवायला, जवळ घ्यायला जाऊ नका. दिवा मालवा, खोलीबाहेर या, दार लावा. आत पाणी आणि ट्रे असावा. मांजराचा राग उतरायला तास-दोन तास लागतात, कधी पूर्ण दिवस, क्वचित त्याहून जास्त. ते स्वतःहून खायला लागलं, अंग चाटायला लागलं की राग उतरला समजा. त्याआधी "झालं असेल शांत" म्हणून आत गेलेल्याला दुसरा चावा मिळतो.

पुढचं काम खिडकीचं. खालच्या अर्ध्या काचेवर दुधी कागद चिकटवा, म्हणजे उजेड येईल आणि बोका दिसणार नाही. मागच्या दारी टाकलेलं उष्टं, सुकटीची डोकी बंद करा; बोका त्यासाठीच येतो. त्याने दारात फवारा मारला असेल तर साबणाच्या पाण्याने स्वच्छ धुवा किंवा एन्झाइमचा क्लीनर वापरा. फिनेल नको. मांजराला फिनॉलचे पदार्थ विषारी असतात, पंजाला लागलेलं ते चाटतं. गल्लीतल्या त्या बोक्याची नसबंदी चार घरांनी वर्गणी काढून करून घेतली तर प्रश्न मुळातून हलका होतो. सगळेजण आधी "आपला कुठे आहे तो" म्हणतात, पण रात्रीची झोप सगळ्यांचीच जात असते.

दोन मांजरांचं जमत नसेल तर

मारामारी लागली की मध्ये हात घालायचा नाही. पुठ्ठा, उशी, जाड चादर दोघांच्या मध्ये सरकवा, टाळी वाजवा, ताटली आपटा. "आपसात मिटवतील" या आशेवर सोडू नका. मांजरं भांडून मिटवत नाहीत, प्रत्येक भांडणागणिक वैर पक्कं होतं.

नवीन मांजर आणलंय किंवा जुन्यांत बिनसलंय, पद्धत एकच. दोघांना वेगळ्या खोल्या, वेगळे ट्रे, वेगळी भांडी. काही दिवस एकाचं अंथरूण दुसऱ्याकडे द्या. एकाच्या गालावर फिरवलेला कपडा दुसऱ्याच्या ताटलीखाली ठेवा. खोल्यांची अदलाबदल करा, पण समोरासमोर नाही. मग बंद दाराच्या दोन्ही बाजूंना जेवण. आधी लांब, रोज थोडं जवळ. दोघं दाराला लागून निवांत जेवली की एकमेकांना दिसू द्या. डासांच्या जाळीचं दार ज्या घरात आहे त्यांचं काम इथे सोपं होतं, फक्त जाळी स्टीलची हवी, नायलॉनची एका पंजात फाटते. जाळीआड चिकनचे तुकडे, पाच मिनिटं, मग दार बंद. कुणी रोखून बघायला लागलं, जेवण सोडलं, तर एक पायरी मागे. दोन आठवड्यांत जमलं तर नशीब, दोन महिने लागले तरी नवल नाही. घरातली वडीलधारी मंडळी तिसऱ्या दिवशी म्हणतात, "एकदा समोर सोडून तर बघू." तिसऱ्या दिवसापर्यंतची मेहनत त्या एका मिनिटात जाते.

ट्रे मांजरांपेक्षा एक जास्त आणि वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. रांगेत ठेवलेले तीन ट्रे मांजराच्या हिशोबाने एकच, कारण वाटेत बसून एक मांजर तिन्ही अडवतं. पाणी-खाण्याच्या जागाही तशाच पसरवा.

आणखी एक गंमत, जी पहिल्यांदा झाली की माणूस चक्रावतो. दोघी बहिणी वर्षानुवर्षं एका टोपलीत झोपणाऱ्या. एक दवाखान्यात जाऊन येते आणि दुसरी तिच्यावर फिसकारते, धावून जाते. तिला स्पिरिटचा, परक्या जनावरांचा वास येत असतो, आणि मांजराची ओळख डोळ्यांपेक्षा नाकाने असते. परत आलेलीला काही तास वेगळं ठेवा, जुन्या अंथरुणावर झोपू द्या, मग भेटवा. जमलं तर दोघींना दवाखान्यात बरोबरच न्या.

काय करू नये, थोडक्यात

मारू नका. नाकावर टिचकी, तोंडावर फुंकर, पाण्याचा फवारा यातलं काही नको. मांजर चावणं सोडत नाही, तुम्हाला टाळायला लागतं. मान धरून उचलणं फक्त त्याच्या आईला शोभतं, मोठं मांजर तसं लोंबकळवलं तर दुखतं आणि घाबरतं. लहान मूल आणि चावलेलं मांजर एका खोलीत, मोठं माणूस नसताना, कधीच ठेवू नका. नख्यांची फक्त पांढरी टोकं पंधरा-वीस दिवसांनी कापा. गुलाबी भाग कापला तर रक्त येतं आणि पुढच्या वेळी पंजा हातात मिळत नाही.

आणि एक इशारा गंभीर आहे. लस न झालेलं, बाहेर फिरणारं मांजर एकाएकी बदललं, हलत्या वस्तूंवर, लाकडावरसुद्धा तुटून पडायला लागलं, आवाज घोगरा झाला, लाळ गळतेय, मागचे पाय लटपटतायत, तर वरचं काहीही करून बघू नका. दार बाहेरून लावा, कुणाला आत जाऊ देऊ नका, पशुवैद्याला फोन करा. ज्यांना चावलंय किंवा ज्यांच्या जखमेला लाळ लागलीय त्यांनी थेट सिव्हिल गाठायचं.

औषधांची पायरी

हे सगळं मनापासून महिना-दोन महिने करूनही वहीतले हल्ले कमी होत नसतील तर वही घेऊन पुन्हा पशुवैद्याकडे जा. त्या वहीमुळे डॉक्टरांचं निम्मं काम झालेलं असतं. हल्ल्याचा व्हिडिओ असेल तर फारच उत्तम, पण व्हिडिओ काढण्यासाठी मांजराला डिवचायचं नाही. प्लगला लावायचे फेरोमोनचे, म्हणजे मांजरांच्या ओळखखुणेच्या वासासारख्या रसायनाचे, डिफ्युझर ऑनलाइन मिळतात. दोन मांजरांच्या तणावात काही घरांत त्यांचा उपयोग होतो, काहींत पैसे जातात. पहिला उपाय म्हणून मी सुचवणार नाही. दवाखान्याच्या फेरीआधी घाबरट मांजराला द्यायला डॉक्टर गॅबापेन्टिन लिहून देतात, त्याने तपासणी शक्य होते. रोजची गोळी लागली तर बहुधा फ्लुऑक्सेटिनसारखं औषध असतं. डोस वजनावर ठरतो, म्हणून माणसांच्या दुकानातून अंदाजाने आणून अर्धी-पाव करू नका. परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात भूक मंदावू शकते. मांजर एक पूर्ण दिवस काहीच खात नसेल तर डॉक्टरांना कळवा. गोळी चालू असताना खेळ, खिडकीचा कागद, वेगळे ट्रे सगळं तसंच चालू ठेवायचं. आणि बरं वाटलं म्हणून गोळी एकदम बंद करायची नाही, डॉक्टर ती काही आठवड्यांत टप्प्याटप्प्याने उतरवतात.